काळं जर्किन, पांढरं फुटेज: एका सोसायटीच्या रात्रीच्या कॅमेऱ्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात कर्वेनगरच्या आतल्या रस्त्यावरची ही सोसायटी. दोन इमारती, ४२ फ्लॅट, खाली खांबांवरचं पार्किंग, समोर मोठं गेट आणि मागच्या बोळात उघडणारं एक छोटं गेट. मोठ्या गेटाशेजारी जुना गुलमोहर आहे आणि त्याच्या सावलीत एका इस्त्रीवाल्याची टपरी. मी या सोसायटीचा खजिनदार. कॅमेऱ्यांचा जाणकार नव्हे, पण या प्रकरणाच्या निमित्ताने बराच वेळ आणि थोडीफार झोप खर्च झाली. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

२०१७ साली बसवलेले आठ साधे कॅमेरे होते. २०२३ मध्ये त्यातले गेटावरचे आणि पार्किंगमधले मिळून चार काढून आठ मेगापिक्सेलचे बसवले. विक्रेत्याने डेमो दिला दुपारी साडेबाराला. समोरच्या बंगल्याची नावाची पाटी मोबाईलवर वाचता आली, तेव्हा अध्यक्षांनी मान डोलावली आणि आम्ही चेक फाडला. रात्री काय दिसतं हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. या प्रकरणातली पहिली चूक त्या दुपारची आहे.

ती रात्र

जानेवारी २०२५. थंडीचे दिवस, वॉचमनमामा केबिनमध्ये शाल पांघरून. सकाळी सातला 'बी' विंगमधल्या एका मुलीला कॉलेजला निघताना कळलं की स्कूटर जागेवर नाही. फुटेज काढलं. पडद्यावरच्या घड्याळात ३ वाजून १२ मिनिटं. छोट्या गेटातून एक माणूस आत येतो, चार-पाच गाड्यांची हँडल हलवून बघतो, एक स्कूटर ढकलत बाहेर नेतो. सगळं मिळून दोन मिनिटंही नाहीत.

चित्र कृष्णधवल. डोक्याला माकडटोपी, अंगात फिकट, जवळजवळ पांढरं जर्किन, खाली गडद पँट. कॅमेऱ्याजवळून जाताना चेहऱ्याच्या जागी पांढरा फटक डाग. स्कूटरची नंबरप्लेट म्हणजे चमकणारा कोरा आयत. आठ मेगापिक्सेल होते, पण ते सगळे त्या डागातच खर्च झालेले.

संशय कुणावर गेला

पुढचं सांगायला अवघड वाटतं, पण ते गाळलं तर बाकीच्या लिहिण्याला अर्थ उरत नाही.

कुणीतरी ते फुटेज मोबाईलने पडद्यावरून शूट करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासात एक मेसेज आला, "जर्किन ओळखीचं वाटतंय का बघा." मग दुसरा, "इस्त्रीवाल्याचा मुलगा असंच घालतो ना?" तो विशीतला मुलगा कपडे द्यायला-न्यायला घरोघरी यायचा आणि त्या हिवाळ्यात राखाडी-पांढरं जर्किन घालायचा, हे खरं होतं. अंगकाठीही तशीच. रविवारी सकाळी कमिटीने त्याला ऑफिसात बोलावलं. मी त्या खोलीत होतो.

"साहेब, मी घरी होतो रात्री. वडिलांना विचारा," तो म्हणाला.

"अरे, आम्ही नुसतं विचारतोय," सेक्रेटरी म्हणाले. 'नुसतं विचारणं' काय असतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पोलिसांत तक्रार दिली होतीच. तपासाला आलेल्या हवालदारांनी आमचं फुटेज एकदा बघितलं आणि विचारलं, "रस्त्यावर अजून कुणाचा कॅमेरा आहे?" शंभर-सव्वाशे मीटरवरच्या एका बंगल्याचा होता, थेट पांढऱ्या एलईडी पथदिव्याखाली. पण ३ वाजून १२ नंतरचं त्यांचं फुटेज बघितलं तर काहीच नाही. दोन दिवस त्यात गेले. शेवटी उलगडा झाला की आमचं घड्याळ ११ मिनिटं पुढे होतं. त्यांच्या फुटेजमध्ये ३ वाजून ३ मिनिटांनी तोच माणूस, तीच माकडटोपी, तीच लाल स्कूटर ढकलत जाताना दिसला, आणि तोही रंगीत.

त्याचं जर्किन काळं कुळकुळीत होतं. बाहीवर नारिंगी पट्टी.

दोष नेमका कुठे होता

त्याच रात्री मी माझा काळा नायलॉनचा विंडचीटर चढवून छोट्या गेटातून आत आलो आणि मामांना पडद्याकडे बघायला सांगितलं. केबिनमधून आवाज आला, "साहेब, तुम्ही तर पांढरे दिसताय!" मग मी आतला काळा सुती टी-शर्ट दाखवला, तो करडा आला. काळी लोकरीची टोपी काळीच राहिली. तिन्ही वस्तू काळ्या आणि पडद्यावर तिन्हींचे रंग वेगळे. शेजारच्या चौकटीत, मोठ्या गेटाच्या कॅमेऱ्यात, गुलमोहराची पानं बर्फ पडल्यासारखी पांढरी.

कारण साधं आहे, फक्त आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. अंधार पडला की कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो. हा प्रकाश साधारण ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. आपल्या डोळ्यांना फार तर त्या दिव्यांची मंद लालसर ठिणगी दिसते. दिवसा सेन्सरसमोर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपसमोर, इन्फ्रारेड अडवणारी एक काच असते, कारण ती नसेल तर सगळे रंग बिघडतात. रात्री कॅमेरा ही काच बाजूला सरकवतो. शांत रात्री कॅमेऱ्याखाली उभं राहिलं तर तिचा 'टक्' असा आवाज ऐकू येतो. सेन्सरवरच्या लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांमधून इन्फ्रारेड जवळजवळ सारखाच पार होतो, मग रंग ओळखायला आधारच राहत नाही. म्हणून कॅमेरा रंग टाकून देतो आणि चित्र कृष्णधवल करतो. कापडाचे अनेक रंग आपल्याला दिसणारा प्रकाश शोषतात, पण इन्फ्रारेड परतवतात. म्हणून काळं पांढरं दिसतं. पानांचंही तेच.

थोडक्यात, इन्फ्रारेडच्या चित्रातून माणूस होता की नव्हता, कुठून आला, कुठे गेला हे कळतं. कपड्यांच्या रंगावर मात्र तिळभरही विश्वास ठेवू नये. आमच्याकडे सगळा संशय नेमका रंगावर उभा होता.

चेहऱ्याचा डाग आणि कोरी नंबरप्लेट ही त्याचीच भावंडं. दिवे कॅमेऱ्यातच असल्यामुळे जवळची वस्तू जळते आणि लांबची अंधारात राहते. नंबरप्लेट तर प्रकाश आला तिकडेच परत फेकण्यासाठी बनवलेली असते. कॅमेऱ्याने सगळा प्रकाश तिच्यावर टाकला, तिने तो सगळा परत दिला आणि आकडे त्यात बुडाले.

राहता राहिले आठ मेगापिक्सेल. सेन्सरचा आकार तोच ठेवून त्यावर दोनच्या जागी आठ मेगापिक्सेल बसवले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला चौथा हिस्सा उजेड येतो. भर दुपारी ते कुणाला जाणवत नाही. रात्री ही उणीव यंत्र चित्र कृत्रिमरीत्या उजळवून भरून काढतं, त्यात ठिपक्यांच्या मुंग्या येतात, त्या मुंग्या पुसायला सॉफ्टवेअर येतं आणि मुंग्यांबरोबर नाकडोळेही पुसले जातात.

काय काय पर्याय होते

जुन्या विक्रेत्याला बोलावलं. त्याने लॅपटॉप उघडला, कॅमेरा रात्रीही रंगीतच राहील असं सेटिंग केलं आणि म्हणाला, "घ्या, झालं काम. एक पैसा नको." चित्र बघून आम्ही थक्क झालो. मध्यरात्रीचं पार्किंग एखाद्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासारखं. पण ते रिकामं होतं तोवरच. मामा गाड्यांमधून चालत गेले आणि पडद्यावर एक धुराचा लोट इकडून तिकडे गेला. उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याने शटर सेकंदाच्या बाराव्या भागाइतका वेळ उघडं ठेवलं होतं. साध्या चालीने जाणारा माणूस तेवढ्यात ११-१२ सेंटिमीटर पुढे सरकतो. त्याचं नाक कुठल्या पिक्सेलवर नोंदवायचं, हे कॅमेऱ्यानेही कसं ठरवावं! गाड्या चोरीला गेल्या नाहीत तर त्यांचे फोटो उत्तम येतील, अशी ती व्यवस्था होती. तो पर्याय तिथेच संपला.

दुसरा पर्याय म्हणजे इन्फ्रारेडचे वेगळे, जास्त ताकदीचे दिवे. स्वस्त आणि कुणाच्या झोपेत व्यत्यय नाही. कॅमेऱ्यापासून दूर लावले तर चेहरा जळणंही कमी होतं. पण रंगाचा प्रश्न होता तिथेच राहिला असता, आणि आमचं घोडं रंगावरच अडलं होतं.

तिसरा, ज्यांना बाजारात 'फुल कलर' म्हणतात ते. यातही दोन जाती. एकात कॅमेऱ्यातच पांढरा दिवा असतो. दुसऱ्यात मोठा सेन्सर आणि मोठ्या छिद्राची लेन्स असते आणि तो असलेल्या उजेडावर भागवतो. लेन्सचा आकडा एफ २.० ऐवजी एफ १.० असेल तर चौपट उजेड आत येतो. सेन्सर १/२.८ इंचाऐवजी १/१.८ इंचाचा असेल तर क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट. हे दोन आकडे विचारले की तपकीर गल्लीतले इलेक्ट्रॉनिक्सचे दुकानदार जरा सावरून बसतात, असा माझा अनुभव. पत्रकावरचा '०.००१ लक्स' हा आकडा मात्र मी वाचायचंच सोडून दिलं. लक्स हे उजेडाचं माप. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेडही फार तर पाव लक्सच्या आसपास असतो. त्याच्या अडीचशेव्या भागाइतक्या उजेडात रंगीत चित्र मिळतं ते किती वेळ शटर उघडं ठेवून, हे पत्रकावर नसतं.

चौथा पर्याय आमच्यातल्या एका निवृत्त इलेक्ट्रिक काँट्रॅक्टर काकांनी सुचवला. "कॅमेरे राहू देत तसेच. आधी दिवे लावा." सगळे हसले, कारण तो फारच साधा वाटला. पण कॅमेरा रंग टाकतो तो अंधार पडतो म्हणून. पुरेसा उजेड राहिला तर तो काच सरकवतच नाही.

आम्ही दीड-दोन हजारांचा उजेड मोजायचा मीटर आणला आणि रात्री दोन वाजता मी आणि काका फिरलो. मोठ्या गेटाखाली दीड लक्स. छोट्या गेटाशी ०.२. पार्किंगच्या मधल्या रांगेत मीटर शून्य दाखवून गप्प. रस्त्यावरच्या पथदिव्याखाली मात्र चांगला उजेड होता. तो आमच्यापर्यंत पोचत नव्हता, कारण मध्ये गुलमोहराची एक फांदी थेट दिव्यासमोर आली होती.

निर्णय फिरला तो याच रात्री. तोवर चर्चा चालली होती की कुठला कॅमेरा घ्यायचा. त्यानंतर प्रश्न झाला, उजेड कुठे आणि किती पाडायचा, आणि मग त्या उजेडात कुठला कॅमेरा पुरेल.

विशेष सभा

खर्च कमिटीच्या अधिकारापलीकडे जाणारा, म्हणून विशेष सभा घेतली. दोन आक्षेप आले, दोन्ही रास्त.

एक काका उठले, "रात्रभर दिवे म्हणजे वीजबिल कोण भरणार?" मी हिशेब करून नेला होता. २० वॉटचे सहा दिवे, १२ तास. रोजचे १.४४ युनिट, महिन्याचे ४३. फ्लॅट ४२. म्हणजे घरटी महिन्याला एक युनिट. काका बसले.

दुसरा आक्षेप तळमजल्यावरच्या काकूंचा होता. "माझ्या बेडरूमच्या खिडकीत रात्रभर उजाडलेलं असणार. तुमच्या चोराला पकडायला मी जागायचं का?" यावर आकडे चालणार नव्हते. दुसऱ्या दिवशी काकूंच्या खोलीत उभं राहून, बाहेर तात्पुरता दिवा धरून जागा ठरवली. दिवा भिंतीवरून खांबावर नेला, वर टोपी बसवली, तोंड खाली केलं. आणि पिवळसर, ३००० केल्विनचा दिवा घेतला. त्यात निळा भाग कमी असल्यामुळे डोळ्यांना सौम्य आणि किडेही तुलनेने कमी येतात. जुने सोडियमचे दिवे होते, त्यांच्याखाली सगळंच शेंदरी दिसायचं, निळी गाडी काळी वाटायची. तसं होऊ नये म्हणून रंग खरे दाखवणारा, ८० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) असलेला दिवा बघून घेतला. पिवळसर असूनही त्यात निळं निळंच दिसतं.

प्रत्यक्षात काय केलं

दिवे आधी. छोट्या गेटाशी एक, मोठ्या गेटाशी दोन, पार्किंगमध्ये तीन. गेटावरचे दिवे अगदी डोक्यावर लावले नाहीत. डोक्यावरच्या उजेडात टोपी किंवा हेल्मेटची सावली डोळ्यांवर पडते. ते बाजूला, कॅमेऱ्याच्या मागच्या अंगाने लावले. फांदीसाठी महापालिकेकडे अर्ज केला. शहरी भागातल्या झाडांना १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे, आपल्या आवारातल्या झाडाची फांदीही परस्पर तोडता येत नाही. पाहणी झाली, परवानगी आली, एकच फांदी उतरवली.

आता मीटर छोट्या गेटाशी १८ लक्स दाखवत होता, मोठ्या गेटाशी २५. जुने आठ मेगापिक्सेलचे कॅमेरे काही न करता रात्रभर रंगीत राहिले. शटर शंभराव्या भागावर नेलं तर चित्र अंधारायचं, पण पार्किंगमध्ये कोण फिरतंय हे कळायला ते पुरेसं होतं. म्हणून पार्किंगचे बदललेच नाहीत. हा निर्णय मला आजही पटतो. बदलायचे ते फक्त गेटावरचे.

गेटासाठी तीन विक्रेत्यांना एकच अट घातली: डेमो कॅमेरा तीन रात्री आमच्याकडे ठेवायचा. एकाने फोन उचलणं बंद केलं. दोघांनी ठेवला. रात्री अकरानंतर आम्ही चाचणी घ्यायचो. लाल ओढणी, गडद निळा शर्ट, बाटलीच्या रंगाचा हिरवा स्वेटर आणि माझा तो कुप्रसिद्ध विंडचीटर. कधी चालत, कधी पळत, कधी सायकलवरून. सोसायटीतल्या मुलांनी याचा खेळ करून टाकला. दुसऱ्या दिवशी फुटेज थांबवून, आदल्या रात्री बाहेर नसलेल्या माणसाला विचारायचं, "याने काय रंगाचे कपडे घातलेत?" तीनपैकी तीन वेळा बरोबर आलं तर कॅमेरा पास. निळ्या-काळ्यात एक जण अडखळला, पण दिवसाही तो अडखळलाच असता असं त्याच्या बायकोचं मत पडलं.

शेवटी चार मेगापिक्सेलचे, १/१.८ इंच सेन्सर आणि एफ १.० लेन्सचे दोन कॅमेरे घेतले. आठवरून चारवर येताय म्हणून सभेत टोमणे बसले. पण जुन्या कॅमेऱ्याची लेन्स २.८ मिलिमीटरची, शंभर अंशांहून रुंद. दहा मीटरवर ती जवळजवळ २५ मीटर रुंदीचं दृश्य पकडायची, म्हणजे आठ मेगापिक्सेल असूनही एका मीटरला जेमतेम दीडशे पिक्सेल. अनोळखी माणूस ओळखता यावा यासाठी आंतरराष्ट्रीय मानकात मीटरला २५० पिक्सेलचा निकष आहे. नवी लेन्स ६ मिलिमीटरची घेतली, तिला फक्त गेटच दिसतं, आणि सात मीटरवर मीटरला तीनशेच्या वर पिक्सेल मिळतात. कॅमेरेही साडेचार मीटरवरून अडीच मीटरवर आणले. वरून फक्त टकलं मोजता येत होती.

नंबरप्लेटसाठी वेगळा कॅमेरा घेतला आणि तो मुद्दाम कृष्णधवल ठेवला. हे सभेत समजावताना माझी दमछाक झाली. "रंगासाठी एवढं रामायण केलंत आणि आता काळापांढरा घेताय?" कारण असं, की रात्री गाडी येते ती हेडलाइट लावून. माणसाच्या चेहऱ्यासाठी ठेवलेलं शटर तिथे कुचकामी. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात ताशी २० किलोमीटरने जाणारी दुचाकी २२ सेंटिमीटर सरकते. शटर पाचशेव्या भागावर नेलं की हेडलाइटचा झगझगाट मरतो, आजूबाजूचं सगळं काळं होतं आणि काळोखात फक्त प्लेट उजळते, कारण तिला इन्फ्रारेड परत फेकता येतो. आधी ज्या गुणामुळे ती कोरी दिसत होती, तोच गुण आता कामी आला. गाडीचा रंग एका कॅमेऱ्यातून, नंबर दुसऱ्यातून. दोन्ही एकाच कॅमेऱ्यात मागितलं असतं तर दोन्ही गेलं असतं.

बाकीचं भराभर सांगतो. सगळ्या कॅमेऱ्यांचं घड्याळ इंटरनेटवरच्या वेळेशी जोडलं. साठवणीचा हिशेब एका कॅमेऱ्याला ४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट, धरून केला. दिवसाचे ४३ जीबी, ३० दिवसांचे १.३ टीबी. रेकॉर्डर आणि नेटवर्क स्विच यूपीएसवर घेतला. समोरच्या बंगल्याचा व्हरांडा चित्रात येत होता, तो काळ्या चौकटीने झाकून त्यांना दाखवला. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक झाल्या, त्यामुळे खरेदी मे महिन्यात ढकलली आणि त्या निकषांत बसणारेच कॅमेरे मागितले. दिवे, तीन कॅमेरे, वायरिंग, यूपीएस, हार्डडिस्क मिळून एक लाख बारा हजार.

जिथे पुन्हा चुकलो

वीज वाचवायची म्हणून छोट्या गेटाचा दिवा आम्ही हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवर ठेवला. माणूस आला की लागणार, गेला की विझणार. ऐकायला छान. आठवड्याने फुटेज बघितलं तर प्रत्येक माणसाची सुरुवातीची तीन सेकंदं वाया. दिवा लागतो, कॅमेऱ्याला उजेड जाणवतो, तो काच सरकवतो, चित्र पांढरं होतं, मग सावरतं. तोवर माणूस गेट ओलांडून आत. मांजर आलं तरी तीच कसरत, रात्रभर टक्-टक्. सेन्सर काढला, दिवा संध्याकाळपासून पहाटेपर्यंत कायम लावला.

दुसरी गंमत पार्किंगमध्ये. रंगीत चित्रावर काळसर आडवे पट्टे वर सरकत राहायचे. कॅमेरा खराब म्हणून दुरुस्तीला पाठवायच्या बेतात होतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. कॅमेरा कारखान्यातून ६० हर्ट्झच्या सेटिंगवर आला होता. एक पर्याय बदलला, पट्टे गेले.

पावसाळ्यात किडे आलेच, आणि त्यांच्यामागून कोळी. भिंगासमोरची जाळी रात्री उजेडात दोरखंडासारखी दिसते. त्यावर तंत्रज्ञान काही नाही. मामांच्या हातात लांब दांड्याचा ब्रश दिला.

जुलैत एका रात्री वीज गेली. यूपीएसवर कॅमेरे चालू राहिले, दिवे विझले आणि आम्ही परत जानेवारीत. नव्या कॅमेऱ्यांत पर्याय म्हणून इन्फ्रारेड होतं म्हणून निदान काहीतरी दिसलं. दोन्ही गेटांवरचा एकेक दिवा त्यानंतर इन्व्हर्टरवर घेतला. हे आधी सुचायला हरकत नव्हती.

निष्पत्ती

स्कूटर सापडली नाही. विम्याचे पैसे मिळाले, पण तिच्या डिकीतली कागदपत्रं गेली ती गेलीच.

नव्या व्यवस्थेचा पहिला खरा उपयोग चोरासाठी झालाच नाही. ऑगस्टमध्ये रात्री अकराला एक टेम्पो मोठ्या गेटातून मागे घेताना एका गाडीला घासून गेला. हिरवा टेम्पो, मागे पिवळी ताडपत्री, आणि दुसऱ्या कॅमेऱ्यात नंबर. टेम्पोवाल्याने दुसऱ्या दिवशी येऊन पैसे दिले.

नोव्हेंबरमध्ये पहाटे अडीचला दोघं छोट्या गेटातून आले आणि बाईकची बॅटरी काढायला लागले. मामांची चाहूल लागून पळाले. या वेळी मरून रंगाचं हुडी, पांढऱ्या बुटांवरची हिरवी रेघ, दुसऱ्याच्या पाठीवरची निळी सॅक, एकाचा चेहरा दाढीसकट. ते फुटेज ग्रुपवर टाकलं नाही. रेकॉर्डरमधून मूळ फाईल काढली. पोलिसांना देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडलं. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे आणि त्या प्रमाणपत्रात फाईलचा हॅश आकडाही (फाईलमध्ये जराही बदल झाला तर जो बदलतो असा तिचा ओळख-आकडा) द्यावा लागतो. जानेवारीत आम्ही दिलेला, पडद्यावरून शूट केलेला हलता व्हिडिओ आठवून मला ओशाळल्यासारखं झालं.

पुन्हा करायचं झालं तर

मीटर घेऊन रात्री दोन वाजता फिरणं सगळ्यात आधी करेन, कोटेशन मागवण्याच्याही आधी. २०२३ चे आठ मेगापिक्सेलचे पैसे त्यातच वाचले असते. डेमो दिवसा घेणार नाही. सेन्सरवरचा दिवा गेटाजवळ लावणार नाही. आणि घड्याळ महिन्यातून एकदा मोबाईलशी ताडून बघेन. तीस सेकंदांचं काम आहे, आणि ते न केल्याचे दोन दिवस त्या मुलाने भोगले.

फुटेज कुणी बघायचं आणि बाहेर कुणी द्यायचं, याचा ठराव आम्ही शेवटी केला. तो पहिल्या दिवशी हवा होता. आता सेक्रेटरी आणि मी, दोघंच. ग्रुपवर काही जात नाही. काही सभासदांना ते आवडलेलं नाही, त्यांना रोज रात्रीचा चित्रपट बघायची सवय लागली होती.

बंगल्याचं रंगीत फुटेज मिळालं त्याच संध्याकाळी सेक्रेटरी आणि मी टपरीवर गेलो होतो. माफी मागितली. इस्त्रीवाले म्हणाले, "जाऊ द्या साहेब, तुमची पण गाडी गेली होती." कोळशाची इस्त्री हातात, नजर कपड्यावर. ते अजून तिथेच असतात, गुलमोहराखाली. फांदी गेल्यामुळे दुपारी थोडं ऊन लागतं म्हणून त्यांनी निळी ताडपत्री बांधली आहे, ती रात्री कॅमेऱ्यात अगदी खऱ्या निळ्या रंगाची दिसते. मुलगा मात्र आता आत येत नाही. कपड्यांची गठडी मामांच्या केबिनशी ठेवतो, फ्लॅट नंबर सांगतो आणि गेटाबाहेरूनच वळतो.